खिशातलं बर्गन

धोपाव्याची फेरीबोट सुटायला अजून वीस मिनिटं आहेत.
अप्पा दाभोळच्या धक्क्यावर, शेवाळ नसलेली पायरी बघून बसलाय
आणि हनीफला सांगतोय बर्गनचा पाऊस.
हनीफ सुटे पैसे मोजतोय.
त्याचा हा पाऊस पाठ आहे.

बारा वर्षं अप्पा त्या जहाजावर धोबी होता.
दोन हजार माणसांच्या चादरी, पंचे, रात्रीचे कोट.
खालून दुसऱ्या मजल्यावर, पाण्याच्या रेघेखाली,
जिथं खिडकी नसते
आणि उजाडतं ते भोंग्यानं.
बंदर लागल्याचं कळायचं
तळपायातली थरथर उतरली की.

शहर मग संध्याकाळी खाली यायचं
पिशव्या भरभरून.
ओल्या लोकरीचा वास,
विजारीच्या दुमडीत अडकलेलं गवत,
एका सदऱ्यावर माशाच्या कालवणाचा पांढरा डाग
(नारळ नाही गं, दूध घालतात मेले)
आणि खिसे.

खिसे तपासायचेच, तसा नियम होता,
एक चुकार किल्ली गेली तरी यंत्राचं पोट फाटायचं.
डोंगरावर चढणाऱ्या गाडीचं तिकीट.
लगदा झालेला नकाशा,
तो त्यानं इस्त्रीखाली वाळवला :
अर्धं बंदर वाचलं, अर्ध्याचा भुगा.
कुणा पोरानं जमवलेले तीन शिंपले,
काळेनिळे.
"शिनाण्या! म्हटलं, ह्या इथं कशा?"

एवढ्या सामानावर अप्पानं शहर उभं केलं.
लाल, पिवळी लाकडी घरं एकमेकांना टेकलेली,
शिमग्याच्या पहाटे पालखी नाचवून दमलेल्या माणसांसारखी.
सात डोंगर. (आपल्याकडे दीड.)
रात्र विसरलेला जून.
आई विचारायची, बांगडा काय भावानं जातो तिथं?
त्यालाही त्याच्याकडे उत्तर असायचं.

नववीत होते मी. भूगोलाच्या पुस्तकावर बोट ठेवून विचारलं,
"तू उतरलास कधी तिथं?"

एकदा.
चाळीस मिनिटं.
आग्नेल नावाच्या पोरानं त्याची पाळी धरली म्हणून.

"मग काय बघितलंस?"

अप्पा बराच वेळ जाळ्याची एकच गाठ सोडवत राहिला.
"वीस पावलं गेलो नि मागं वळलो.
बोट बघितली, बाय.
बाहेरून कधी बघितलीच नव्हती.
रात्री चढवलेलं मला, सामानाच्या दारानं.
एवढी पांढरी! खिडक्या मोजाय लागलो,
सातव्या रांगेत चुकलो, परत पहिल्यापासनं.
मग पाण्याची रेघ शोधली,
तिच्या खाली अंदाजानं बोट धरलं :
इथं. मी इथं असतो.
तेवढ्यात वेळ संपली."

शहराकडे सबंध वेळ त्याची पाठ होती.
पाऊस तेवढा खरा.
कॉलरच्या आत शिरलेला, बारीक, चिवट,
अजून तो मानेला हात लावून दाखवतो.

आणि एक नाणं, जे परत द्यायला हवं होतं.
मधोमध भोक, जुन्या भोकाच्या पैशासारखं.
आईनं काळ्या दोऱ्यात ओवून शेळीच्या गळ्यात बांधलं.
शेळी गेली. आता ते परसाच्या फाटकाला आहे,
वारा आला की कडीवर वाजतं.
त्यातून बघितलं तर खाडी दिसते, वाटाण्याएवढी.
मी अप्पाला म्हटलं होतं, बघ.
तो म्हणाला, एवढीसुद्धा नव्हती आम्हाला.

फेरीबोट फळी टाकते. पुण्याची एक गाडी रांगेत,
काच खाली करून बाई विचारतात,
"काका, पलीकडे बघण्यासारखं काय आहे?"

अप्पा उठतो, धोतराची माती झटकतो,
खरंच विचार करतो.
"पलीकडनं," म्हणतो, "दाभोळ चांगलं दिसतं."

हनीफ तिकीट फाडतो.
माणसांचे वेगळे, गाडीचे वेगळे.